बर्फाखालचं परसदार

घर पाहायला गेलो तेव्हा परसदार दिसलंच नाही. डिसेंबर होता आणि आदल्या दिवशी सडकून बर्फ पडला होता. न्यू जर्सीच्या सॉमरसेट काउंटीतलं साधंसं घर, साठेक वर्षांचं. एजंटबाईंनी स्वयंपाकघर दाखवलं, तळघर दाखवलं, हीटर किती जुना ते सांगितलं आणि मागच्या काचेच्या दाराशी उभं राहून नुसता हात फिरवला. बाहेर ओढ्याकडे उतरत गेलेला पांढरा तुकडा, काही निष्पर्ण झाडं, आणि कोपऱ्यात ताडपत्रीत गुंडाळून दोऱ्यांनी आवळलेलं, डोक्यावर प्लास्टिकची बादली उपडी घातलेलं पुरुषभर उंचीचं काहीतरी. ते काय, हे बाईंनाही सांगता येईना. नवरा छप्पर आणि पाइप तपासत होता. मी मनातल्या मनात वाफे पाडत होते.

फेब्रुवारीत राहायला आलो, आता मार्च निम्मा झाला. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये इतकी वर्षं पुदिना, ओवा आणि एक हट्टी कढीपत्ता एवढीच माझी शेती होती, तीही बाल्कनीत. जमिनीत हात घालायला आता मिळणार, तर जमीन अजून गारठलेली. सध्या नुसतं बघायचं. पण या दिवसांत बघण्यासारखं फार आहे, हे मला इथे येऊन कळलं.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिकडच्या परड्याचं वर्ष पावसावर टांगलेलं असतं. रोहिणी बरसल्या का, मृगाने दगा दिला का, आर्द्रा कशा गेल्या, एवढ्यावर माझ्या वडिलांचं, अप्पांचं, पडवळ-काकडीचं गणित चालायचं. तापमान किती हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. थंडी म्हणजे पहाटे गोधडी ओढून घ्यायची वेळ. थंडीने भाजी मरते हे ऐकिवातही नव्हतं. रत्नागिरीकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओततो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. इथे वर्षाचा पाऊस साधारण बाराशे मिलिमीटर, पण तो बाराही महिने थोडा थोडा येतो. त्यामुळे पाण्याची वाट कुणी बघत नाही. इथली माळीमंडळी वाट बघतात ती एका रात्रीची : या हंगामात दव गोठण्याची शेवटची रात्र.

ही रात्र आधी कळत नाही, ती होऊन गेल्यावरच कळते. जुन्या नोंदींवरून अंदाज बांधतात. आमच्या भागात तो एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जातो. म्हणून टोमॅटो-मिरचीची रोपं ‘मदर्स डे’ला, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारी बाहेर काढायची, अशी इथली रीत आहे. धोका वादळी रात्रीचा नसतो, तो निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीचा. ढग नसले की जमिनीतली ऊब सरळ आभाळात निघून जाते, थंड हवा जड असल्याने उताराने खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. हवामान खात्याचा आकडा माणसाच्या उंचीवरच्या हवेचा असतो. तो दोन-तीन अंश सेल्सिअस दाखवत असताना खाली गवताच्या पात्यावर दव गोठलेलं असू शकतं. आमचा उतार ओढ्याकडे आहे. फेब्रुवारीभर सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहिले तर ओढ्याकाठचा पट्टा उन्हं वर आली तरी पांढराच. तिथे मिरची लावायची नाही, हे तेव्हाच ठरलं.

याच्या जोडीने आणखी एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, तो म्हणजे ‘झोन’. अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाचे तेरा पट्टे पाडले आहेत. वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीचं तापमान घ्यायचं, तीस वर्षांची सरासरी काढायची आणि दर दहा अंश फॅरनहाइटला एक पट्टा. त्याचे पुन्हा ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग. सध्याचा नकाशा 2023 सालचा, 1991 ते 2020 च्या नोंदींवरून केलेला. आमचा भाग ‘7 अ’ मध्ये येतो. म्हणजे सर्वांत थंड रात्री पारा सरासरी उणे 15 ते उणे 18 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जातो. आधीचा नकाशा 2012 चा. त्याच्याशी ताडून पाहिलं तर जवळजवळ निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबदार बाजूला सरकलेला दिसतो. नर्सरीतल्या प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर हा आकडा छापलेला असतो. मात्र त्याचा अर्थ लावताना आपले लोक हमखास घोटाळा करतात. झोन फक्त एवढंच सांगतो, की हे बहुवर्षायू झाड तुमच्या हिवाळ्यात तगेल की नाही. टोमॅटो कधी लावायचा याच्याशी त्याचा काही संबंध नाही, कारण टोमॅटोला हिवाळा काढायचाच नसतो.

आकड्यांवर सगळ्यांचा विश्वास असतोच असं नाही. फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की गुलाबाची छाटणी करा, ओकची पालवी खारीच्या कानाएवढी झाली की मका पेरा, असले आडाखे इथेही आहेत. खारीच्या कानाचा आडाखा मूळनिवासींकडून आला असं सांगतात. मला हे ऐकून परकं वाटलंच नाही. बहावा फुलला की पाऊस किती दिवसांवर आला हे मोजणाऱ्या आणि पावशा ओरडला की पेरणीची घाई करणाऱ्या माणसांत मी वाढले. झाडाला जमिनीतली ऊब कळते आणि ते कॅलेंडर बघत नाही, त्यामुळे हे आडाखे अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखे नाहीत.

उन्हाचं प्रकरण मला जास्त अवघड गेलं. राजापूरला मेच्या मध्यानंतर भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. घराच्या चारी बाजूंना कधी ना कधी ऊन येतंच. इथे आपण चाळीस अंश अक्षांशाच्या वर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 26 अंश वर येतो आणि प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीच्या दुप्पट पडते. जूनमध्ये तोच 73 अंशांवर जातो. मार्चच्या विषुवदिनी दुपारचा सूर्य इथे जितका वर येतो, तितकाच राजापूरला ऐन डिसेंबरात असतो. तिकडे जे किमान, ते इकडे वसंताचं. त्यामुळे आज जिथे ऊन दिसतंय तिथे जूनमध्ये असेलच असं नाही आणि आज सावली आहे म्हणून जागा वाया गेली असंही नाही. वर आत्ता झाडांना पानं नाहीत. आज लख्ख दिसणाऱ्या जागेवर मेमध्ये मेपलचं छत येणार. टोमॅटोला रोज किमान सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. नवऱ्याने फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारं ॲप घेतलंय. मी बर्फ कुठे आधी वितळतो ते बघितलं. दोघांचं उत्तर एकच आलं : गॅरेजच्या दक्षिणेकडची भिंत. वीट दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब सोडत राहते. वाफे तिथेच.

बादलीचं कोडं शेजारच्या आजोबांनी सोडवलं. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, त्यांचे वडील सिसिलीहून आलेले. एका उबदार दुपारी मी ताडपत्रीची गाठ सोडायला घेतली तशी कुंपणापलीकडून त्यांची हाक आली. ते अंजिराचं झाड होतं! इटलीहून आलेल्या लोकांनी या भागात अंजिराच्या फांद्या आणल्या, लावल्या, आणि इथला हिवाळा त्यांना झेपत नाही म्हणून दर पानगळीनंतर झाडाला बांधून ठेवायची पद्धत पाडली. फांद्या दोरीने एकत्र आवळायच्या, भोवती जुन्या चादरी आणि गोणपाट, त्यावर ताडपत्री, आणि वरून पाणी आत जाऊ नये म्हणून बादली. काही जण तर एका बाजूची मुळं तोडून अख्खं झाड आडवं करतात आणि चरात पुरून ठेवतात. आमच्या घराचे आधीचे मालकही इटालियन वंशाचे. घर विकायला काढलं तरी जाण्यापूर्वी त्यांनी झाड गुंडाळून ठेवलं होतं. आजोबांनी बजावलं, एप्रिलच्या मध्याआधी सोडायचं नाही आणि सोडायचं ते ढगाळ दिवशी. लवकर सोडलं तर कोवळे डोळे थंडीने जळतात, उशीर केला तर आत वाफ धरून बुरशी येते. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या झाडाला मात्र कुणी कधी गोधडी पांघरली नसेल.

शेजारच्या आजोबांकडूनच दुसरी गोष्ट कळली : पहिल्या वसंतात फार खणायचं नाही. हिवाळ्यात घर घेणाऱ्याला जमिनीखाली काय आहे ते ठाऊक नसतं. ट्यूलिप, डॅफोडिल, क्रोकस यांचे कंद पानगळीच्या दिवसांत पुरतात आणि फुलायला त्यांना तीन-चार महिन्यांची सलग थंडी लागतेच. गेल्या आठवड्यात पायरीजवळ चपटी हिरवी टोकं वर आली, ती डॅफोडिल निघाली. मुलगी रोज जाऊन नव्या टोकाशेजारी आइस्क्रीमची काडी रोवते, म्हणजे माझं फावडं तिथे पडणार नाही. फुलं संपल्यावर पानं आपणहून पिवळी पडेपर्यंत कापायची नसतात. पुढच्या वर्षीची शिदोरी कंद त्या पानांतूनच भरतो. लॉन कापायला उतावीळ झालेल्या नवऱ्याला हे आधीच सांगून ठेवलंय.

बर्फ गेला आणि ओढ्याच्या दरडीला माती दिसली. तांबडी! क्षणभर वाटलं, जांभा आहे. तसा तो नव्हे. आपला जांभा म्हणजे बेसॉल्ट उष्ण, दमट हवेत युगानुयुगं कुजून-धुऊन मागे उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. इथला तांबडेपणाही लोहाचाच, पण हा वीस कोटी वर्षांहून जुन्या खोऱ्यात साचलेल्या गाळाचा खडक आहे, शेल. गंमत म्हणजे बेसॉल्टही फार लांब नाही. उत्तरेच्या वॉचंग टेकड्या म्हणजे सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. आपला सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. माती मात्र चिकट, भारी. बर्फाचं पाणी मुरायला तिला वेळ लागतो आणि ओली असताना तुडवली तर तिची ढेकळं होतात, ती वर्षभर फुटत नाहीत. इथली पुस्तकं सांगतात, मूठभर माती घट्ट दाबा, बोटाने टोचा. भुरभुरली तर कामाला लागा, गोळा तसाच राहिला तर थांबा. अप्पा याला वाफसा म्हणायचे आणि त्यासाठी त्यांना पुस्तक लागत नव्हतं. अजून आमच्याकडे वाफसा आलेला नाही.

माती तपासायला दिली, आणि हे मी प्रत्येक नव्या घरमालकाला करायला सांगेन. रटगर्स विद्यापीठाची माती प्रयोगशाळा आहे. शेतकऱ्याइतकीच ती घरगुती माळ्यांचीही माती तपासते. अमेरिकेत 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठांचं शेतीज्ञान जिल्ह्याजिल्ह्यात लोकांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था उभी राहिली, तिचाच हा भाग. जागोजागची सहा-आठ इंच खोलीची माती घ्यायची, स्वच्छ बादलीत कालवायची, आणि त्यातली कप-दोन कप पाठवायची. सामू, स्फुरद, पालाश कळतो. इथली माती बहुधा आम्लधर्मी असते, म्हणून चुना किती टाकायचा हा मुख्य प्रश्न. शिवाय शिसं तपासून घेतलं. घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर 1978 साली बंदी आली. आमचं घर त्याआधीचं. जुना रंग सुटून भिंतीच्या पायथ्याच्या मातीत साचतो, आणि मला तर वाफे भिंतीलगतच हवेत. अहवाल यायचाय. शिसं जास्त निघालं तर फळ्यांची उंच चौकट करून विकतची माती भरायची, हा पर्याय तयार आहे.

याच विद्यापीठाच्या मातीतून क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध निघालं. 1943 साली सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला, त्यातून स्ट्रेप्टोमायसिन आलं. 1952 चं नोबेल एकट्या वॅक्समनना मिळालं, शॅट्झ बाजूलाच राहिले. मला हा अन्याय वाटतो. विषयाला सोडून आहे, पण मातीची पिशवी पाठवताना हे आठवल्याशिवाय राहिलं नाही.

खणण्याआधी 811 या नंबरावर कळवावं लागतं. कामाच्या निदान तीन दिवस आधी कळवायचं, सुट्ट्या सोडून. सेवा फुकट. मग निरनिराळ्या कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखाली काय जातं ते रंगाने आणि छोट्या झेंड्यांनी दाखवून जातात : लाल वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी फोन-इंटरनेट. त्यामुळे आमच्या परसात या वसंतातलं पहिलं पीक झेंड्यांचं आलं. पिवळी रांग गॅरेजच्या भिंतीपासून चांगली लांबून गेली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

एका झाडाने मात्र काळजी लावली. उत्तरेच्या कडेला खारींनी कुरतडलेल्या काळ्या सालींचा खच दिसला, त्यावरून ओळख पटली : काळा अक्रोड. याच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य पाझरतं आणि टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही सगळी भावंडं त्याच्या आसपास माना टाकतात, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या मानलं जातं. अलीकडे काही अभ्यासक याबद्दल साशंक आहेत. दोष सावलीचा आणि मुळांच्या चढाओढीचाही असेल म्हणतात. माझे वाफे त्याच्यापासून दूर आहेत, तेव्हा हा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा.

आता काय लावायचं. घरात तरवा टाकून झालाय. भाताचा नव्हे, टोमॅटो-वांगी-मिरचीचा. मिरची-वांग्याला बाहेर काढण्याआधी आठ-दहा आठवडे लागतात, टोमॅटोला सहा-आठ, म्हणून मदर्स डेपासून मागे मोजत यायचं. तळघरात दिवे टांगलेत, मिरचीच्या ट्रेखाली गरम राहणारी चटई आहे. टोमॅटो मुद्दाम ‘रटगर्स’ नावाचाच निवडलाय. 1934 साली याच विद्यापीठाने कॅम्पबेल सूप कंपनीबरोबर केलेल्या कामातून तो बाजारात आणला, आणि न्यू जर्सीचा टोमॅटो म्हणून जी ख्याती आहे तिच्यात त्याचा मोठा वाटा आहे. मेमध्ये ही रोपं थेट उन्हात न्यायची नाहीत. आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना वाऱ्या-उन्हाची सवय करायची.

मेथी, पालक, कोथिंबीर, मटार यांना इतकी वाट बघावी लागत नाही. इकडचा एप्रिल म्हणजे या पिकांच्या दृष्टीने आपला मार्गशीर्ष. गारठा त्यांना मानवतो, आणि जूनचं ऊन लागलं की कोथिंबीर दांडा धरून फुलावर येते. म्हणून वाफसा आला की आधी मेथी.

बियाण्याच्या बाबतीत थोडं सांभाळावं लागतं. गावाकडून पुडी आणायची तर विमानतळावर जाहीर करावी लागते, पिकाच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. कढीपत्त्याचं रोप तर विसराच. तो लिंबाच्या कुळातला, आणि लिंबूवर्गीय बागा पोखरणारा ग्रीनिंग रोग पसरवणारी कीड त्याच्यावरही पोसली जाते, म्हणून फ्लोरिडासारख्या बाधित भागांतून त्याच्या वाहतुकीवर बंधनं आहेत. पण बियाणं कायदेशीर मिळालं तरी दिवसाची लांबी आड येते. इथे जूनचा दिवस पंधरा तासांचा, राजापूरचा तेरा. आपल्या वालाच्या बऱ्याचशा जाती दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. इथे त्यांचा वेल सप्टेंबरपर्यंत नुसता पानांनी माजतो, मग फुलतो, आणि शेंगा भरताहेत तोवर ऑक्टोबरात दव गोठायला लागतं. कांद्याचं उलटं. आपल्या जाती दहा-बारा तासांच्या दिवसावर गड्डा धरतात. इथल्या मेमध्ये त्या रोप लहान असतानाच घाई करतात आणि लिंबाएवढ्या राहतात. त्यामुळे कांदा इथलाच. वाल मात्र मी लावणार. डाळिंब्या मिळाल्या नाहीत तर फुलं तरी मिळतील.

राहता राहिली हरणं. ओढ्याकाठी संध्याकाळी चार-पाच येतात, ट्यूलिप आणि वेलभाज्या त्यांच्या खास आवडीच्या. डॅफोडिल विषारी म्हणून तोंड लावत नाहीत. हरीण आठ फूट उडी मारतं आणि आमच्या टाउनशिपमध्ये मागचं कुंपण सहा फुटांपर्यंतच चालतं. अप्पांनी गडगा घातला असता. मी फोनवर भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तायडे, आमच्याकडे वानर आहेत, तू हरणांचं काय सांगतेस!" आजोबांचा सल्ला असा की जागा अरुंद ठेव, पलीकडे पाय टेकायला मोकळी जागा दिसली नाही तर हरीण बिचकतं. म्हणून गॅरेजला लागून लांबट, निमुळतं आवार आखलंय, भोवती सहा फुटी जाळी. हरणांबरोबर गोचिडी येतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, तेव्हा लांब बाह्या, आणि आत आल्यावर अंग तपासायचं, हेही घरात सगळ्यांना सांगून झालंय.

जाळीचे खांब शनिवारी येणार आहेत. मातीचा अहवाल आला की चुन्याचं ठरेल, अंजीर एप्रिलमध्ये सुटेल. भेंडीचं बी आत्ता हाताशी असलं तरी तिला जमीन 18 अंशांच्या वर तापलेली लागते, नाहीतर ती मातीत कुजते. ते मेअखेरपर्यंत डब्यातच राहील.